गुडघ्याखालची उशी

परवापर्यंत हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवापुढे हात जोडतानासुद्धा हा विषय मी शिताफीने टाळत आले. परवा दुपारी ते पहिल्यांदा तोंडातून बाहेर पडलं, आणि तेही ज्या माणसाला सर्वांत आधी सांगायला हवं होतं त्याच माणसापुढे. आता तुम्हाला सांगते. का, ते विचारू नका. एकदा सुरुवात झाली की थांबवत नाही, एवढंच. काल दुपारी मी दोन वर्षांनी गाढ झोपले. पुण्यात दुपारी झोपणं ही काही बातमी नव्हे — पण माझ्यासाठी होती.

गोष्ट एका गुडघ्याची आहे, असं मी स्वतःला बरेच दिवस समजावलं. गुडघ्याची आहेच. पण तेवढ्यावर थांबली असती तर मी ती केव्हाच कुणाला तरी हसत सांगून टाकली असती.

आई म्हणजे माझ्या सासूबाई. पंच्याहत्तरी ओलांडलेल्या. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं, आणि निवृत्त झाल्यावर आमच्या इमारतीतली मुलं स्कॉलरशिपच्या परीक्षेसाठी त्यांच्याकडे येत. शनिवार पेठेत आमचं घर, तिसरा मजला, लिफ्ट नाही. आईंच्या लक्षात काय नसायचं? सगळ्या नातेवाइकांचे फोन नंबर तोंडपाठ. मोबाइलमध्ये नंबर साठवणं म्हणजे त्यांना आळशीपणा वाटायचा. घरात कधी, कोण, काय म्हणालं होतं, हे त्या तारीखवार सांगत, आणि बहुतेक वेळा ते मीच म्हटलेलं असे.

जीभही तशीच. लग्नानंतर पहिल्यांदा आमटी केली तेव्हा शांतपणे जेवल्या आणि म्हणाल्या, ''आमटी छान. पाणी कुठलं वापरलंस?'' पंचवीस वर्षं मी त्या आमटीचं उत्तर शोधत होते. छळ म्हणता येईल असं काही त्यांनी कधी केलं नाही, हे आधीच सांगते. पुढे मी जे सांगणार आहे त्याला कारण म्हणून तुम्ही ही आमटी धरू नका. मीही बरीच वर्षं धरून पाहिली. पुरत नाही.

तर, त्यांचा उजवा गुडघा पार झिजला होता. जिना उतरायचा म्हणजे कठड्याला धरून आडवं, एकेक पायरी. शेवटी गुडघा बदलायचं ठरलं. त्यांनी स्वतःच ठरवलं. माझ्याकडे बघत म्हणाल्या, मला मंडईत स्वतः जाऊन स्वतः भाजी निवडायची आहे, वीणा आणते ती भाजी माझ्याच वयाची असते. मी पतसंस्थेत नोकरी करते, तिथून लांबलचक रजा काढली. सगळ्यांनी माझं कौतुक केलं. मलाही स्वतःचं बरंच कौतुक वाटत होतं.

ऑपरेशन उत्तम झालं. दुसऱ्याच दिवशी त्यांना वॉकर धरून उभं केलं, आणि मला धक्काच बसला — एवढं मोठं ऑपरेशन, आणि लगेच चालायचं? पण तसंच असतं. फिजिओथेरपिस्ट मुलगी यवतमाळकडची होती, बारीक अंगाची, पण हातात जोर. डिस्चार्जच्या दिवशी तिने मला बाजूला घेऊन सगळं समजावलं. मिलिंद, म्हणजे माझा नवरा, खाली बिलाच्या खिडकीशी होता. आई कॉटवर पेंगत होत्या, कानातलं यंत्र त्यांच्या पर्समध्ये. म्हणजे जिच्या पायाचं बोलणं चाललं होतं तिलाच त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. आपल्याकडे असंच चालतं ना? पेशंट मध्ये झोपलेला, आणि त्याच्या डोक्यावरून बोलणं नातेवाइकांशी.

तिने जे सांगितलं ते मला आजही शब्दशः आठवतं. पहिले काही आठवडे हेच खरे, म्हणाली. आत्ता गुडघा वाकवला नाही, सरळ केला नाही, तर आतून आखडतो, आणि मग नवा सांधा कितीही चांगला असला तरी उपयोग नाही. दिवसातून अनेकदा वाकवायचा. दुखणारच — म्हणून व्यायामाच्या थोडं आधी डॉक्टरांनी दिलेली दुखण्याची गोळी द्यायची, नंतर बर्फ लावायचा. पोटरी अचानक सुजली, दुखायला लागली, ताप आला, जखमेतून पाणी आलं, तर वाट न बघता फोन करायचा. आणि शेवटी म्हणाली, ''गुडघ्याखाली उशी ठेवू नका बरं, काकू. आजी रडल्या तरी. उशीनं बरं वाटते, पण पाय वाकडाच राहून जाते. ठेवायचीच तर टाचेखाली ठेवा.''

मी मान डोलावली. सगळं नीट कळलं होतं. हे महत्त्वाचं आहे — मला कळलं नव्हतं, असं मी म्हणू शकत नाही.

घरी आल्यावर पहिल्या संध्याकाळी आईंचा पाय ठणकायला लागला. त्या कण्हत नव्हत्या, पण ओठ आत ओढून घेतले होते. मी सावरीच्या कापसाची मऊ उशी आणली आणि हलकेच गुडघ्याखाली सरकवली. त्यांचा चेहरा सैल झाला. डोळे मिटूनच म्हणाल्या, ''देवासारखी आहेस गं.'' पंचवीस वर्षांत माझ्या वाट्याला आलेलं हे पहिलं विशेषण. तुम्ही काढली असती ती उशी?

काढायला हवी होती. दुसऱ्या दिवशी तरी. दुसऱ्या दिवशी मी व्यायाम सुरू केला, पाय थोडा वाकवला, आणि त्या ओरडल्या. मी सोडून दिलं. त्यांनीच विचारलं, ''हे रोज करायचंय का?'' सरळ प्रश्न होता. मी सांगितलं असतं की हो, रोज, अनेकदा, आणि न केल्यास पाय आखडेल, तर त्या बाईंनी दात आवळून केलं असतं. त्यांना मी ओळखते. गणित सुटेपर्यंत मुलांना उठू न देणारी बाई ती. पण मी म्हणाले, ''नाही, आई. डॉक्टर म्हणालेत, आधी महिनाभर आराम. व्यायाम मग.''

का म्हणाले? पहिल्या दिवशी दया आली होती, हे खरं. दुसऱ्या दिवशी कंटाळा होता. पण त्यानंतर — इथे जरा थांबते. हे लिहायला जड जातंय.

त्यानंतर मला ते आवडायला लागलं. त्या हाक मारायच्या, ''वीणा, जरा येतेस का?'' जरा! येतेस का! ज्या घरात चहात साखर किती याचाही निकाल त्या देत, तिथे आता त्या पाण्याचा पेला माझ्या हातून घ्यायच्या आणि वर माझा हात धरून ठेवायच्या. माझी आमटी न बोलता जेवायच्या. भेटायला येणारे म्हणत, सून असावी तर अशी. उशीकडे बघून खालच्या मजल्यावरच्या केळकरकाकू तर म्हणाल्या, किती मायेनं ठेवलंय. येणारा प्रत्येक जण सफरचंदं आणत होता आणि एकच सल्ला देत होता — घाई करू नका, भरपूर आराम करा. म्हणजे सगळं गाव माझ्या बाजूने. त्या बऱ्या झाल्या की पुन्हा ओट्याशी येऊन उभ्या राहणार, हे मला दिसत होतं. मला ते नको होतं. मी हॉस्पिटलची फाईल माझ्या साड्यांच्या कपाटात ठेवली, आणि घरी यायला तयार असलेल्या फिजिओथेरपिस्टला फोन करून सांगितलं की गरज नाही, मी करून घेते. टाके काढायला गेलो तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, व्यायाम होतोय ना? मी हो म्हटलं. आईंना ऐकू गेलं नसावं.

आता इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, वाईट केलंस, पण माणूस आहे, होतं असं. थांबा. हे अजून ते नाही.

महिना उलटून गेल्यावर मोठ्या डॉक्टरांकडे तपासणीला गेलो. मिलिंदही होता. डॉक्टरांनी पाय वाकवून पाहिला, तो खुर्चीत नीट बसण्याइतकाही वाकेना. सरळही होईना. ते चिडले. साहजिक होतं. म्हणाले, ''आजी, आम्ही एवढं चांगलं काम केलं आणि तुम्ही पाय हलवायलाच तयार नाही? अशानं कसं व्हायचं?'' आईंनी त्या दिवशी यंत्र घातलं होतं. त्यांनी शांतपणे, शाळेत बोलायच्या तशा स्वच्छ आवाजात उत्तर दिलं, ''महिनाभर आराम तुम्हीच सांगितला होता.'' डॉक्टर म्हणाले, ''मी? शक्यच नाही.'' आणि आईंनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नव्हे हो. साक्षीदाराकडे पाहतात तसं. की ही सांगेल आता.

तिघेही माझ्याकडे बघत होते. आणि मी अगदी मऊ आवाजात म्हणाले, ''त्यांच्या नीट लक्षात राहत नाही हल्ली.''

झालं. हे ते. एवढं एकच वाक्य.

डॉक्टरांचा राग लगेच उतरला, त्यांनी समजल्यासारखी मान हलवली. मिलिंद म्हणाला, भूल दिल्यावर म्हाताऱ्या माणसांचं कधीकधी असं होतं, ऐकलंय मी. ज्यांना मी पंचवीस वर्षांत एकदाही निरुत्तर झालेलं पाहिलं नव्हतं, त्या आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसून राहिल्या. रिक्षात एकदाच म्हणाल्या, ''मला तर आराम म्हणाल्याचं पक्कं आठवतंय.'' मिलिंदने त्यांच्या हातावर थोपटलं. थोपटतात ना, लहान मुलांना, तसं.

गुडघ्याचं पुढे बरं झालं, ते सांगून टाकते. डॉक्टरांनी पुन्हा भूल देऊन पाय वाकवून घेतला. आत धरलेलं सुटावं म्हणून तसं करावं लागतं, आणि वेळेत केलं तर उपयोग होतो. म्हणजे माझ्यापायी त्यांना दुसऱ्यांदा ऑपरेशनच्या खोलीत जावं लागलं. संमतीच्या कागदावर सही करण्याआधी त्यांनी तो दोनदा वाचला. तेव्हा मी बोलू शकले असते. नाही बोलले. पण त्यानंतर तीच यवतमाळची मुलगी घरी यायला लागली, थेट आईंना समजवायला लागली, आणि आईंनी व्यायाम केला. डोळ्यांतून पाणी यायचं आणि तोंडाने मोजणं चालू असायचं. उशी मी माळ्यावर टाकली. काही महिन्यांत आई स्वतः जिना उतरून मंडईत गेल्या आणि येताना मला ऐकवत आल्या की गवार अशी असते.

गुडघा बरा झाला. पण ते वाक्य राहिलं.

ते वाक्य घरात मुरलं. चष्मा सापडला नाही, की मिलिंद हसून म्हणायचा, असू दे गं आई, होतं. माझा चष्मा तर आठवड्यातून तीनदा हरवतो, तेव्हा कुणी काही म्हणत नाही. आईंना मात्र स्वतःचाच भरवसा वाटेना. गॅस बंद केला ना, हे त्या दोनदोनदा बघू लागल्या. फोन लावायच्या आधी नंबर मला विचारून खात्री करून घ्यायच्या — बरोबरच असायचा. आणि एक दिवस त्यांनी मुलांना शिकवणं थांबवलं. म्हणाल्या, माझ्याकडून चुकीचं काही सांगितलं गेलं तर पोरांचं नुकसान होईल. मी भाजी चिरत होते. चिरत राहिले. ज्या बाईने आयुष्यभर डोक्याच्या जोरावर मान ताठ ठेवली, तिच्या डोक्यावरचा तिचा विश्वास मी काढून घेतला होता, आणि तिची काळजीही मीच घेत होते. रोज. अगदी प्रेमाने. खरंच प्रेमाने, कारण तोवर मला त्या आवडायला लागल्या होत्या. सांगायचं कसं? जितके दिवस जात होते तितकं ते अवघड होत होतं.

गेल्या आठवड्यात मिलिंदने स्मरणशक्तीच्या डॉक्टरांची वेळ घेतली. आई मुकाट्याने हो म्हणाल्या.

आदल्या दिवशी दुपारी, म्हणजे परवा, मी त्यांच्या खोलीवरून जात होते. दार लोटलेलं होतं. आत आई हळू आवाजात पाढे म्हणत होत्या. पावकी झाली, दिडकी झाली, मग एकोणतीसचा सुरू केला. एकोणतीस एके एकोणतीस. दुणे अठ्ठावन्न. सहाव्याशी अडल्या. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा सहाव्याशी अडल्या. मी दार ढकललं तर त्या ओशाळून हसल्या. ''उद्या काय काय विचारतील कोण जाणे. उजळणी करत होते.''

मी खाली जमिनीवर बसले आणि सांगितलं. सरळ नाही सांगता आलं. आधी उशी सांगितली, मग फाईल, मग पुन्हा उशी, आणि सगळ्यात शेवटी डॉक्टरांच्या खोलीतलं ते वाक्य. मला वाटलं, आता ती जीभ सुटेल. सुटावी असंच वाटत होतं. पण त्यांनी पुढे वाकून, उत्तरपत्रिका तपासावी तसं, एकेक करून विचारलं. आराम तू म्हणाली होतीस? हो. डॉक्टर नव्हते म्हणाले? नाही. आणि मला जे आठवत होतं, ते बरोबर होतं?

''हो, आई. सगळं बरोबर होतं.''

त्या मागे टेकल्या. आणि तुम्हाला काय सांगू — त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. आनंद होता. निव्वळ आनंद. ''म्हणजे मला आठवत होतं,'' त्या म्हणाल्या. मग पुन्हा, स्वतःशीच, ''मला आठवत होतं.'' मी आयुष्यात बरीच बोलणी खाल्ली आहेत. पण त्या आनंदाने वाटली तेवढी शरम मला दुसऱ्या कशानेच वाटली नाही.

मग त्यांनी फोन घेतला, मला न विचारता नंबर लावला, आणि मिलिंदला म्हणाल्या, ''उद्याचं रद्द कर. गरज वाटली तर मी माझी जाईन, आणि डॉक्टरांशी मीच बोलेन. का, ते तुला वीणा सांगेल, संध्याकाळी.'' ठेवून दिला. माझ्याकडे न बघता.

संध्याकाळी मी मिलिंदला सांगितलं. तो माझ्याशी अजून नीट बोलत नाही. बरोबरच आहे त्याचं. आणि तरीही मला हलकं वाटतंय, हे तुमच्यापासून लपवत नाही. लपवण्याचाच कंटाळा आला आहे. तुमच्या घरी कुणाचं ऑपरेशन असेल तर जे काही सांगायचं ते डॉक्टरांना पेशंटलाच सांगायला लावा, कानात यंत्र घालून, डोळे उघडे असताना. माझ्यासारख्या प्रेमळ माणसांना मध्ये उभं राहू देऊ नका.

आईंनी मला माफ केलं का, ते मी विचारलेलं नाही. विचारणारही नाही. आज सकाळी त्यांनी स्वतः केळकरकाकूंच्या दारात जाऊन सांगितलं की सोमवारपासून मुलांना वर पाठवा. दुपारी माझी आमटी चाखून त्यांनी भुवई वर केली. पुष्कळ दिवसांनी.

आत्ता मी स्वयंपाकघरात बसून हे लिहिते आहे. त्यांच्या खोलीचं दार सताड उघडं आहे आणि आवाज शाळेतला, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. एकोणतीस पंचे एकशे पंचेचाळीस. एकोणतीस सक एकशे चौऱ्याहत्तर. एकोणतीस साती दोनशे तीन. दाहेपर्यंत कुठेही अडल्या नाहीत. मग त्यांनी तिसाचा सुरू केला.